विद्याधरी, परी आणि चेटकीण

एखादा वाङ्मयप्रकार एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते आणि मागे काय राहते, हा प्रश्न टीकाकाराने अवश्य विचारावयास हवा. आमच्याकडे तो क्वचितच विचारला जातो. परकीय गोष्टीचा ठसा घरात दिसू लागला की एक पक्ष ‘अनुकरण झाले’ म्हणून हळहळतो; दुसरा पक्ष ‘हे सारे आमच्या पुराणांत होतेच’ असे म्हणून समाधान पावतो; आणि दोघांचेही बोलणे ओसरले म्हणजे ती गोष्ट जशी आली तशीच घरात नांदू लागते. जादू करणाऱ्या मुलींच्या कथांचे नेमके असेच झाले आहे.

ज्या घरात आठ ते पंधरा वर्षे वयाच्या मुली आहेत, तेथील वडीलधाऱ्यांस हा प्रकार नावाने नसला तरी रूपाने परिचयाचा असतो. एक साधी, शाळेत जाणारी, बहुधा अभ्यासात बेताची मुलगी; तिच्या हाती अकस्मात येणारी एखादी वस्तू, कधी आरसा, कधी काठी, कधी पदक; एक गुप्त शब्द; त्या शब्दासरशी होणारे रूपांतर; सोबतीस एखादा बोलणारा प्राणी; आणि हे सर्व घरच्या माणसांपासून लपवून ठेवण्याचे बंधन. जपानात यास ‘माहो शोजो’, म्हणजे जादूची मुलगी, असे म्हणतात. मराठीत यास रुळलेले नाव नाही. ते का नाही, आणि असावयाचे तर कोणते असावे, हा प्रस्तुत लेखाचा खरा विषय आहे. परंतु तेथवर पोचण्यापूर्वी या प्रकाराची वंशावळ थोडक्यात पाहिली पाहिजे.

या वंशावळीचे मूळ शोधण्यास जपानात जावे, तो वाट अमेरिकेकडे वळते. १९६४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘बिविच्ड’ ही विनोदी मालिका सुरू झाली व ती १९७२ पर्यंत चालली. समँथा नावाची चेटकीण जाहिरातीच्या कचेरीत काम करणाऱ्या एका साध्या गृहस्थाशी लग्न करते. नवऱ्याची इच्छा एकच, की बायकोने जादू करू नये. नाकाचा शेंडा हलविताच जिचे सारे घर आवरले जाईल, तिने केरसुणीच हाती धरावी, यात त्या गृहस्थास संसाराची प्रतिष्ठा वाटते. ही मनाई पुनःपुन्हा मोडते आणि त्या मोडण्यातूनच विनोद निर्माण होतो. १९६६ साली ही मालिका जपानात दाखविली गेली. त्याच वर्षी मित्सुतेरु योकोयामा या चित्रकथाकाराने ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकात जादूगार सॅलीची चित्रकथा सुरू केली आणि डिसेंबरात तोएई संस्थेने तिची चलच्चित्रमालिका काढली. समँथा ही सॅलीची प्रेरणा होय, हे सर्वमान्य आहे. याच ‘रिबोन’ मासिकात १९६२ पासून फुजिओ आकात्सुका यांची ‘अक्कोचान’ प्रसिद्ध होऊ लागली होती. आरशाची मनोभावे निगा राखणाऱ्या या मुलीस आरशाकडूनच वर मिळतो आणि ती हवे ते रूप घेऊ शकते. तिची मालिका १९६९ साली पडद्यावर आली. या दोन मुलींपासून हा प्रकार रूढ झाला.

आता जपान्यांनी अमेरिकेकडून काय घेतले आणि त्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी संसारी बाईच्या जागी मुलगी बसविली आणि नवऱ्याच्या मनाईच्या जागी गुपित ठेवले. हा फरक वरवर लहान दिसतो, पण आहे मोठा. मनाई दुसऱ्याने घातलेली असते. गुपित आपण स्वतः सांभाळावयाचे असते. समँथा आपली शक्ती दडपते ती घरातील शांततेसाठी. सॅली आपली शक्ती झाकते, पण वापरते. आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या व मैत्रिणींच्या उपयोगी पडावी म्हणून वापरते. उसनी घेतलेली कल्पना अशा रीतीने पालटून टाकणे यास आम्ही अनुकरण म्हणणार नाही. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी आणून आपल्या परसातील झाड वाढविले, तर फळ आपलेच होय.

तथापि या पहिल्या काळातील कथांत एक अलिखित नियम होता. मालिकेच्या अखेरीस सॅलीचे गुपित फुटते आणि तिला आपल्या जादूच्या राज्यात परत जावे लागते. १९८३ साली आलेल्या ‘क्रीमी मामी’ या मालिकेतील दहा वर्षांच्या यू या मुलीस जादू मिळते ती अवघ्या एका वर्षाच्या मुदतीने. तेवढ्या काळात तिने मोठ्या गायिकेचे रूप घ्यावे, लोकांची वाहवा मिळवावी, आणि मुदत संपताच पुन्हा आपल्या वयात यावे. सारांश, मुलीने चार दिवस जादू खेळावी, पण मोठी होताना ती मुकाट्याने परत करावी. आमच्या भगिनीवर्गास हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही. ही जादू म्हणजे माहेर होते. तेथे मन मानेल तसे वागावे, झोपाळ्यावर बसावे, आणि बोलावणे आले की डोळे पुसून निघावे.

हा नियम मोडला दोन निराळ्या मार्गांनी. पहिला मार्ग कामाचा. एइको कादोनो या लेखिकेची ‘किकी’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली व हायाओ मियाझाकी यांनी १९८९ साली तिच्यावर चित्रपट काढला. किकी ही तेरा वर्षांची चेटकिणीची मुलगी. रीतीप्रमाणे ती घर सोडते, एका परक्या, युरोपीय घडणीच्या शहरात जाते आणि झाडूवर बसून लोकांची सामानसुमाने पोचविण्याचा धंदा करते. उडण्याची कला हे तिचे पोटापाण्याचे साधन आहे. चित्रपटात मधेच तिचे उडणे बंद पडते. एखाद्या चित्रकाराचा हात मधेच थांबावा तसे. पुढे ती पुन्हा उडू लागते, पण कोणी वर दिल्यामुळे नव्हे.

दुसरा मार्ग सख्यांचा. नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ ही चित्रकथा १९९१ च्या अखेरीस सुरू झाली आणि तिची मालिका १९९२ ते १९९७ या काळात दोनशे भाग चालली. चौदा वर्षांची रडवी, आळशी उसागी आणि तिच्या मैत्रिणी मिळून जगाचे रक्षण करतात. पूर्वीच्या कथांत मुलगी एकटी होती. येथे तिच्याभोवती मेळा आहे. या कथेत पाश्चात्त्य द्रव्य किती आहे ते पाहावे. नावातला ‘सेलर’ शब्द इंग्रजी. पोशाख जपानी शाळकरी मुलींचा खरा, पण तो मुळात युरोपीय आरमाराच्या खलाशांवरून घेतलेला. पूर्वजन्मीच्या प्रियकराचे एंडिमिअन हे नाव ग्रीक पुराणातले. असे असूनही ही कथा कोणास पाश्चात्त्य वाटत नाही. उलट १९९५ साली अमेरिकेत ती इंग्रजीत आणली गेली, तेव्हा तिकडच्या संस्थेने नायिकेचे नाव बदलले आणि पहिल्या पर्वाच्या अखेरचे दोन भाग एकात कोंबून मैत्रिणींचे बलिदान गाळून टाकले. म्हणजे जी वस्तू पश्चिमेकडून निघाली होती ती परत आली, तेव्हा पश्चिमेसच ती पचेना! यावरून प्रभाव म्हणजे केवळ देणाऱ्याचा हात नव्हे, घेणाऱ्याची जठराग्नीही त्यात मोजली पाहिजे, हे ध्यानी यावे.

पुढे हा प्रकार युरोपातही रुजला. इटलीत २००४ साली ‘विंक्स क्लब’ निघाला. फ्रान्समधील ‘मिरॅक्युलस’ ही २०१५ सालची मालिका पॅरिसच्या मुलीची असून तिच्या घडणीत तोएई संस्थेचाही हात होता. आमच्याकडील मुलींनी ती हिंदीतून पाहिली. जपानात मात्र याच सुमारास हा प्रकार स्वतःकडे संशयाने पाहू लागला. २०११ सालच्या ‘मादोका’ या बारा भागांच्या मालिकेत एक गोजिरवाणा प्राणी मुलींस म्हणतो की एक इच्छा मागा, मी ती पुरवितो. मोबदल्यात तुम्ही जादूच्या मुली व्हा. या करारातील लपविलेले कलम असे, की जादूची मुलगी निराशेच्या भरात अखेर चेटकीण बनते. गटेच्या ‘फाउस्ट’ची छाया या कथेवर उघड आहे. परंतु त्या जर्मन काव्यात ज्ञानाची हाव धरलेला वृद्ध पंडित सैतानाशी करार करतो; येथे करार करणाऱ्या आहेत शाळकरी पोरी, आणि त्यांनी मागितलेल्या इच्छा बहुधा दुसऱ्या कोणासाठी आहेत. एकीने तर आजारी मित्राचा हात बरा व्हावा एवढेच मागितले. गोड बोलून मुलीचा त्याग वसूल करणारे हे जग आम्हांस जपानी वाटत नाही. ते आमच्या आळीतलेच वाटते.

इतका वृत्तान्त सांगितला, तो या प्रकाराची पारख करण्यास एक कसोटी हाती यावी म्हणून. कोणतीही जादूच्या मुलीची गोष्ट घ्यावी आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. शक्ती तिच्याकडे आली कोठून? ती तिने वेचली कोणासाठी? आणि अखेर ती तिच्याकडे राहिली का? चित्रे किती सुरेख, खलनायिका किती भयंकर, हे सर्व गौण होय. या तीन उत्तरांत त्या समाजाचे मुलीविषयीचे मत लिहिलेले असते.

हीच कसोटी आता आपल्या घरी लावू. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात समँथा हिंदी बोलू लागली आणि तिच्या पाठोपाठ बाटलीतून निघणारी अमेरिकन जीनीही आली. २००० सालापासून चार वर्षे ‘सोनपरी’ या हिंदी मालिकेने सर्व देशातील मुलांस वेड लावले. तीत सोनपरीची भूमिका आमच्या मृणाल कुलकर्णी यांनी केली. ‘स्वामी’ मालिकेतील त्यांची रमाबाई ज्यांनी पाहिली होती, त्या मराठी कुटुंबांस ही परी घरचीच वाटली यात नवल नाही. त्यांच्या चर्येवरील सात्त्विक माया हेच त्या मालिकेचे खरे बळ होते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आई गमावलेल्या फ्रुटी नावाच्या लहान मुलीस आईची माया देणारी कोणी असावी, ही कल्पना हृदयंगम आहे.

परंतु तीन प्रश्नांस येथे मिळणारी उत्तरे काय? शक्ती परीची आहे, मुलीची नव्हे. मुलीने हाक मारावी, परीने यावे, संकट निवारावे आणि जावे. ही समँथाची किंवा सॅलीची वंशज नव्हे. हिची खरी आजी म्हणजे फ्रेंच कथाकार पेरो याने १६९७ साली सिंड्रेलाच्या गोष्टीत आणलेली ती परी, जी भोपळ्याचा रथ करून देते आणि मध्यरात्रीचा ठोका पडताच सारे परत घेते. जपानने पश्चिमेकडून शक्ती असलेली बाई उचलली आणि तिची मुलगी केली. आम्ही पश्चिमेकडून शक्ती देणारी बाई उचलली आणि मुलीस हात पसरावयास लावले. दोन्हीकडे उसनवारीच, पण एकाने बी नेले, दुसऱ्याने फुलांचा गुच्छ नेला. गुच्छ काही दिवस शोभा देतो, त्याहून अधिक त्याच्याकडून अपेक्षिणे व्यर्थ होय.

आम्ही बी का उचलले नाही? आमच्या मते याचे उत्तर आमच्या भाषेत आहे. शक्ती असलेल्या स्त्रीस मराठीत तीन नावे आहेत. चेटकीण, परी आणि विद्याधरी. या तीन शब्दांचे दैव निरनिराळे आहे.

चेटकीण हा शब्द रंगभूमीवर हसवितो. मराठी बालरंगभूमीची मुहूर्तमेढ सुधा करमरकर यांनी १९५९ साली रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’ या नाटकाने रोवली. बालनाट्याचे शिक्षण करमरकर यांनी अमेरिकेत घेतले होते, म्हणजे येथेही पश्चिमेचे पाणी होतेच, आणि झाड मराठी मातीत उत्तम वाढले. मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातील चेटकीण तर पिढ्यान्‌पिढ्या मुलांची लाडकी झाली. पूर्वी ती दिलीप प्रभावळकर यांनी रंगविली आणि २०१८ सालच्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी. दोघांचाही अभिनय थोर, यात शंका नाही. पण रंगभूमीवरील आमची सर्वांत लोकप्रिय जादूगारीण म्हाताऱ्या विद्रूप बाईच्या रूपात, पुरुषाच्या अंगाने अवतरते आणि अखेर पराभव पावते, हे टीकाकाराच्या नजरेतून सुटू नये. रंगभूमीबाहेर तर हा शब्द हसविण्यासारखा मुळीच नाही. एखाद्या बाईस करणी करणारी ठरवून तिला मारहाण करणे, तिला गावाबाहेर काढणे हे प्रकार महाराष्ट्रात इतके खरे होते, की २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांस गुन्हा म्हणून नोंदवावे लागले. आणि त्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खून झाला. जपानी लेखक आपल्या नायिकेस ‘माजोक्को’, म्हणजे चेटकिणीची पोर, असे लाडाने म्हणू शकतो, कारण पाश्चात्त्य चेटकीण तेथे पाहुणी म्हणून आली. आमच्याकडे ती पाहुणी नव्हे. तिच्या नावाने शेजारच्या विधवेवर दगड पडले आहेत. म्हणून आमची लेखणी चेटकिणीस मुलगी करावयास कचरते, आणि ते कचरणे समजण्यासारखे आहे.

दुसरा शब्द परी. हा फारसी. दक्षिणेतील मोगल सत्तेची राजधानी असलेल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, या शब्दाने मोठा मान मिळविला. अठराव्या शतकातील येथील सूफी कवी सिराज औरंगाबादी यांच्या सर्वांत विख्यात गझलेच्या पहिल्याच ओळीत परी आहे. पण ती परी लहान मुलांस खाऊ देणारी नव्हे. तिच्या दर्शनाने माणसास वेड लागते, आणि त्या गझलेत प्रेमाचे आश्चर्य असे, की अखेर परीही उरत नाही आणि वेडही उरत नाही. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर ‘फेअरी’ आली, तिला नाव हवे होते, आणि आम्ही तिला परी म्हटले. त्यासरशी सिराजच्या परीचे सामर्थ्य गेले. तिला पातळ पंख फुटले, हातात चांदण्याची काठी आली आणि ती वाढदिवसाच्या केकवर जाऊन उभी राहिली. आता बाप आपल्या मुलीस ‘माझी परी’ म्हणतो, तेव्हा ती सुंदर आहे, नाजूक आहे आणि एक दिवस उडून जाणार आहे, इतकेच तो सांगत असतो. तिला काही येते, असे त्या शब्दात कोठेही नाही.

तिसरा शब्द विद्याधरी. आणि हा आमच्या अगदी अंगणातला. संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान. सातवाहनांच्या या राजधानीत गुणाढ्याने पैशाची भाषेत बृहत्कथा रचली अशी परंपरा आहे. मूळ ग्रंथ लुप्त झाला. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्याच्या परंपरेतून रचलेला ‘कथासरित्सागर’ आपणांपाशी आहे. या सागरात विद्याधर व विद्याधरी पदोपदी भेटतात. त्यांच्या आकाशगमनाचे, रूपांतराचे, अदृश्य होण्याचे सामर्थ्य कोणत्याही काठीत किंवा पदकात नाही. त्यास नाव एकच, विद्या. वेगवती नावाची विद्याधरी नरवाहनदत्तासाठी आपल्या सख्ख्या भावाशी झुंजते आणि झुंजताना भयंकर रूप धारण करते. रूपांतर आणि संग्राम ही आजच्या जादूच्या मुलीची दोन्ही लक्षणे येथे आहेत. ज्यांस हे पडद्यावर पाहण्याची सवय आहे त्यांनी अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील आकाशगामी अप्सरा पाहावी. वाऱ्याने मागे गेलेले तिचे अलंकार पाहिले म्हणजे आकाशातून जाणारी स्त्री आमच्या चित्रकारास पंखांवाचूनही दाखविता येत होती, हे पटते.

पण आमच्या विषयास सर्वांत जवळची कथा वेगवतीची नव्हे, सोमप्रभेची. तक्षशिलेच्या राजाची कन्या कलिंगसेना हिच्याशी मयासुराची कन्या सोमप्रभा मैत्री जोडते. भेटीस येताना ती करंडीभर लाकडी बाहुल्या आणते. कळ दाबताच एक बाहुली आकाशात उडून फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी बोलते. हे कसे, असे विचारल्यावर सोमप्रभा मंत्राचे नाव घेत नाही. ही यंत्रे आपल्या पित्याने रचली; जग जसे पंचमहाभूतांचे यंत्र आहे तशीच हीही, असे ती सांगते. मग ती मैत्रिणीस विमानात बसवून आपल्या घरी नेते. तक्षशिलेची मुलगी, असुराची मुलगी, करंडीतील यंत्रे आणि आकाशातील सहल! जपानी चित्रकथाकाराने हे वाचले असते, तर त्याने यावर दोनशे भाग केले असते.

येथवर आल्यावर ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ म्हणणाऱ्या पक्षाचे मुख आनंदाने फुललेले आम्हांस दिसते. त्या पक्षास आम्ही पुढची पाने वाचावयास सांगू. कलिंगसेनेच्या लग्नाची गोष्ट निघते तेव्हा सोमप्रभा म्हणते, की तुझे लग्न झाल्यावर मी तुझ्या पतीच्या घरी कशी येऊ? मैत्रिणीच्या नवऱ्यापुढे जाणे शिष्टसंमत नव्हे. विमानात फिरणारी ही मुलगी एका उंबरठ्यापुढे थांबते! आणि याच प्रसंगी ती सखीस दुष्ट सासूच्या छळातून सुटलेल्या कीर्तिसेनेची कथा सांगते. कीर्तिसेना पुरुषवेश घेऊन पळते, रानात एका राक्षसीच्या तोंडून राजाच्या असाध्य रोगाचा उपाय ऐकते आणि वैद्य होऊन राजास बरे करते. ऐकलेले ज्ञान तिच्या उपयोगी पडले. पण ते ऐकण्यास तिला घर सोडावे लागले. शिवाय या सर्व विद्याधरींचा कथेतील शेवट काय? बहुतेकींनी नरवाहनदत्ताच्या अंतःपुराची शोभा वाढवावी, हाच. तेव्हा बृहत्कथेत जादूच्या मुलीचा वाङ्मयप्रकार होता असे आम्ही म्हणत नाही. बी होते, इतकेच म्हणतो. ते कोणी पेरले नाही.

तथापि त्या बीजात एक गोष्ट अशी आहे, की जी पेरोच्या परीत नाही आणि जपानच्या पुष्कळशा कथांतही नाही. आजच्या जादूच्या मुलीची शक्ती बहुधा एखाद्या वस्तूत असते, आणि ती वस्तू, हे विसरून चालणार नाही, खेळण्यांच्या दुकानात विकावयाची असते. कथेतील आरसा आणि दुकानातील आरसा यांचे नाते आता इतके जवळचे आहे, की कोणी कोणास जन्म दिला हे सांगणे कठीण. वस्तू दिली जाते, म्हणून ती काढूनही घेतली जाते. विद्येचे तसे नाही. विद्याधनास चोराचे भय नाही, हे सुभाषित आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. तेच मुलीच्या गोष्टीत का उतरू नये? ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने ज्या कथासंग्रहाचे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात हाती घेतले, त्या मूळ अरबी संग्रहात एक राजकन्या आहे. लहानपणी घरातील एका म्हातारीपासून ती बापास नकळत जादू शिकते आणि माकड झालेल्या एका परक्या माणसास सोडविण्यासाठी रूपामागून रूप पालटीत राक्षसाशी लढून जळून जाते. इंग्रजी ‘हॅरी पॉटर’मधील हर्मायनीही जे करते ते ग्रंथालयात बसून शिकलेले असते. अर्थात विद्याधरी ही कोणा एका देशाची मिरास नव्हे. पण तिला नेमके नाव मात्र आमच्या भाषेत आहे.

कोणी आक्षेप घेईल, की जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागणाऱ्या समाजात मुलींस जादूच्या गोष्टी सांगणे हेच मुळात घातक नव्हे काय? आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ज्या समाजात सामर्थ्यवान स्त्रीस एक तर चेटकीण म्हणून भ्यावयाचे किंवा परी म्हणून खेळवावयाचे, एवढेच दोन मार्ग असतात, तेथे अंधश्रद्धेस जागा मोकळी राहते. तिसरा मार्ग मुलांच्या कल्पनेत लहानपणीच उघडला पाहिजे. सोमप्रभा आपल्या बाहुलीची कळ दाखवून ती कशी चालते हे सांगते. एवढा एक प्रसंग लहानपणी मनात ठसला तर मुलगी पुढे कोणत्याही भगतास ‘कळ कोठे आहे?’ असे विचारील.

गोट्या, चिंगी आणि फास्टर फेणे यांची नावे मराठी घरांत अजून निघतात. त्या पंक्तीत बसेल अशी जादूची मुलगी मराठीत अद्याप उभी राहिलेली नाही. ती लिहिणाऱ्याने समँथापासून, सॅलीपासून, उसागीपासून खुशाल घ्यावे. त्यात लाज मानण्याचे काहीच कारण नाही. जपानने जसे नवऱ्याची मनाई टाकून नाकाचा शेंडा तेवढा घेतला, तसे आम्हीही उसागीचा मेळा घ्यावा, किकीचे कष्ट घ्यावेत आणि दुकानातील काठी दुकानातच ठेवावी. मात्र नायिकेचे विमान सखीच्या सासरच्या उंबरठ्यापाशी थांबू नये. गोदावरीच्या काठी ज्या कथेची पाने गुणाढ्याने, परंपरा सांगते त्याप्रमाणे, एकेक वाचून अग्नीत टाकली आणि जिचा सातवा हिस्साच काय तो उरला, त्या कथेत सोमप्रभा पुन्हा कलिंगसेनेच्या घरी गेलेली असेल, अशी कल्पना करण्याचा हक्क आम्हांस कोणी नाकारू शकत नाही. ते पान मराठीत लिहिले जावे, एवढीच आमची इच्छा आहे.